अकरा करवंट्या

मुर्धा गावाच्या मागच्या अंगाला मिठागराचं एक लोखंडी फाटक आहे. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, आणि खाऱ्या वाऱ्याने गंजून गेलेली प्रवेशबंदीची पाटी. ऑक्टोबर ते मे, महिन्यातले दोन रविवार, हे कुलूप सकाळी साडेसहाला उघडतं, तेही फक्त बारा माणसांसाठी. गळ्यात दुर्बिणी लटकवलेली, टोप्या घातलेली, झोप डोळ्यात असलेली बारा माणसं भाईंदर पश्चिमेहून रिक्षा करून येतात आणि फाटकाशी रांगेत उभी राहतात. तेराव्याला आत सोडत नाहीत. आणि पुढे चालायला अनसूया भोईर नसेल, तर त्या बाराजणांनाही सोडत नाहीत.

अनसूया साठीला टेकलेली. बुटकी, काटक, पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय अनवाणी. हातात काठी नाही, गळ्यात दुर्बीण नाही. पक्षी बघणाऱ्या मंडळींनी तिला एक ओळखपत्र करून दिलंय, ते ती उलटं घालते. कुणी विचारलंच तर म्हणते, "फोटूत मी मेल्यावानी दिसते. सकाळी सकाळी लोकांना कशाला दाखवू."

फाटकातून आत शिरल्यावर ती सगळ्यांकडे एकदा वळून बघते आणि दर वेळी तेच सांगते.

"माझ्या पायात पाय टाकायचा. बांध दोन हाताचा हाय. उजव्या अंगाला खाडी, डाव्या अंगाला मीठ. दोन्हीकडं चिखल दिसतो तसा न्हाय, माणूस गिलतो. पक्षी उडाला तं उडू द्या, तुमी उडू नका."

हे ती उगाच सांगत नाही. पहिल्याच वर्षी हाताएवढी लांब लेन्स घेऊन आलेल्या शांती नगरच्या जितेशने खंड्याच्या फोटोसाठी बांध सोडून दोन पावलं बाजूला टाकली होती. तिसरं पाऊल टाकायला पाय उरला नाही, कमरेपर्यंत गेला. अनसूया बांधावर पालथी पडली, हात पुढे केला आणि म्हणाली, "आधी क्यामेरा दे, मंग तू ये." जितेशला वाटलं म्हातारीला कॅमेऱ्याची काळजी. नंतर त्याला कळलं, दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय चिखल माणसाला सोडत नाही. तेव्हापासून जितेश एकही रविवार चुकवत नाही आणि तिच्या मागे पहिला चालतो.

बांध तिला कसा कळतो, हे बघण्यासारखं आहे. ती खाली बघतच नाही. अठराव्या वर्षी लग्न होऊन मुर्ध्यात आली आणि पुढची सव्वीस वर्षं डोक्यावर मिठाची पाटी घेऊन याच बांधांवरून चालली. डोक्यावर ओझं असलं की मान वाकत नाही, पायाखालचं दिसत नाही. बघायचं ते दहा पावलं पुढे, बाकीचं टाचेला विचारायचं. आज डोक्यावर पाटी नाही तरी मान तशीच ताठ आहे. चालता चालता मध्येच थबकते, टाच दोनदा दाबते आणि म्हणते, "हितं एकेकटं." बाराजण मुकाट एकेकटे पुढे जातात. त्यात बँकेतले साहेब असतात, डॉक्टर असतात, कुणी कुणी का म्हणून विचारत नाही.

तिला या कामात आणलं उर्मिला कर्णिक यांनी. या दादरहून सिल्व्हर पार्कात राहायला आलेल्या, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. नऊ वर्षांपूर्वी चार रविवार त्या फाटकाबाहेर दुर्बीण लावून उभ्या होत्या. पाचव्या रविवारी अनसूयाने न राहवून विचारलं.

"काय हेरतांव?"

"पक्षी."

"भायेरून?"

"आत सोडत नाहीत ना."

"सोरनार कशाला. तुमी बुराल तं काढील कोन?"

उर्मिलाताई हसल्या. पण अनसूयाच्या डोक्यात ते राहिलं. ज्या बाईला आत काय आहे ते बघायचंय ती बाहेर उभी, आणि जिला आतलं सगळं माहीत आहे ती घरात भाकऱ्या थापतेय. मिठाची वाहतूक तोवर टेम्पोवर गेली होती, पाट्या वाहायच्या बंद झाल्या होत्या. नवरा सुभाष मिठागरात पाणी फिरवायचा, तो जाऊनही दोन वर्षं झाली होती. अनसूया स्वतः उठून मिठागराच्या कारभाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, "मी पुढं चालन. कोनी बांध सोरला, काय मोरलं, तं माझ्याकडं बोट दाखवा." कारभाऱ्यांनी परवानगीच्या पत्रात ते वाक्य जसंच्या तसं नाही, पण त्याच अर्थाचं घातलं. दर वर्षी ते पत्र नवं होतं आणि दर वर्षी त्यात अनसूयाचं नाव असतं.

उर्मिलाताई पुस्तकातली नावं सांगतात: शेकाट्या, चिलखा, कुरव, भोवत्या. अनसूया आपली नावं सांगते. शेकाट्याच्या लांब लाल पायांमुळे तो तिचा 'काडक्या'. आकाशात घिरट्या घालणारा भोवत्या हा 'फौजदार', कारण तो आला की सगळे चिडीचूप. पहिल्यांदा येणारे बहुतेक फ्लेमिंगो विचारतात. ती म्हणते, "ते मोठ्या लोकांकडं उतरतात. हितं आपले कामकरी पक्षी." उर्मिलाताईंनी तिला एकदा दुर्बीण डोळ्याला लावून दिली होती. तिने बघितलं, परत दिली. "जवल येतं खरं. पन बाकीचं समदं जातं."

आता करवंट्यांचं. मार्च लागला की टिटव्या आणि त्यांच्या मागोमाग शेकाटे बांधांवरच अंडी घालतात. घरटं म्हणावं असं काही नसतं. चार खडे, दोन काटक्या, त्यात मातीच्याच रंगाची ठिपक्यांची चार अंडी. डोळ्यापुढे असली तरी दिसत नाहीत. पाटी डोक्यावर असताना तर नाहीच नाही. म्हणून मुर्ध्याच्या बायकांची जुनी रीत होती. अंडी बहुतेक बांधाच्या खाडीकडच्या कडेला असतात; ती दिसली की दोन हात अलीकडे, त्याच कडेला एक करवंटी पालथी ठेवायची, वाऱ्याने जाऊ नये म्हणून वर खडा, आणि लांबून दिसावी म्हणून चुन्याचं बोट. मागून येणारीला दहा पावलांवरून चुना दिसला की ती आतल्या, मिठाच्या अंगाने पाय टाकणार. अनसूयाची सासू म्हणायची, आगरात अंडं फुटलं की त्या वर्षी मीठ कालं परतं. मीठ कधी काळं पडलं का, हे कुणी तपासलं नाही, कारण अंडं कुणी फोडलं नाही.

पाट्या गेल्या, बायका गेल्या, रीत एकट्या अनसूयाकडे राहिली. घरातला नारळ फुटला की करवंटी चुलीत जात नाही, खिडकीत जाते.

या रीतीवर सगळ्यात जास्त कुरकुर करणारा माणूस म्हणजे सदू. बांधबंदिस्तीचा मुकादम, मूळचा पेणकडचा, अनसूयासारखाच आगरी, पन्नाशीचा. तोंडात कायम तंबाखू. उधाणाच्या आधी खाडीकडच्या बांधावर नवी माती चढवायची हे त्याचं काम. जिथे करवंटी तिथे त्याला हात आखडता घ्यावा लागतो.

"बाय, तुझ्या टिटव्यांपायी माझा बांध सगला भोकाभोकाचा झालाय. उद्या पानी आत शिरलं तं टिटवी येनार हाय का बुजवायला?"

"तुझ्या आधी येल."

असं रोजचं चालायचं. पण त्यांचा एक करार होता, सदूनेच घातलेला. "करवंटी दिसंल तिथं मी माती टाकनार न्हाय. न्हाय दिसली तं मंग मना बोलायचं न्हाय." अनसूयाने मान डोलावली होती. तिच्या करवंट्या दिसत नाहीत असं होणारच नव्हतं.

ते झालं गेल्या एप्रिलात, एका रविवारी.

अवस दोन दिवसांवर होती. अवसेचं उधाण मोठं असतं, म्हणून खाडीकडच्या लांब बांधावर सदूची आठ माणसं त्याच दिवशी अकरा वाजता माती घेऊन येणार होती. त्या बांधावर अनसूयाने पंधरवड्यात दहा करवंट्या ठेवल्या होत्या. सकाळी ती बाराजणांना घेऊन याच बांधावरून गेली. पहिल्या करवंटीपाशी थांबून तिने मागे हात केला, "आतल्या अंगानं." मागच्याने त्याच्या मागच्याला सांगितलं, त्याने त्याच्या. का ते सांगायचं राहिलं. इतक्या वर्षांत ते सांगायची वेळच आली नव्हती, कारण येणारे बहुतेक जुने होते.

रांगेत शेवटी नेहा होती. शांती नगरची, अंधेरीला ऑफिसात काम करणारी, दुसऱ्यांदाच आलेली. गुणी मुलगी. डोंगरावर जाणाऱ्या, पक्षी बघणाऱ्या मंडळींमध्ये एक चांगली सवय असते, जाताना वाटेतला कचरा उचलत जायचं. नेहाच्या पाठीवर त्यासाठी वेगळी पिशवी होती. भरतीने बांधावर आणून टाकलेल्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, एक चप्पल, आणि मध्ये मध्ये चुना लावलेल्या करवंट्या. लोक पूजेचं काय काय खाडीत सोडतात, त्यातलंच काहीतरी, असं तिला वाटलं. पुढे सगळे शेकाट्यांकडे बघत होते. मागे ही बांध स्वच्छ करत होती.

साडेआठला मंडळी बांधाच्या टोकाला मिठागराच्या झोपडीशी चहाला टेकली. नेहाने पिशवी आणून अनसूयापुढे ठेवली.

"काकी, बघा. आख्खा बांध एकदम क्लीन करून टाकला."

अनसूयाने पिशवीत बघितलं. हातातला कप खाली ठेवला. मग एक करवंटी बाहेर काढली, दुसरी काढली, जमिनीवर मांडायला लागली. उर्मिलाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांना कळलं होतं.

"नेहा, अगं या अंड्यांच्या खुणा होत्या."

"कसल्या अंड्यांच्या?"

उर्मिलाताईंनी सांगितलं. अकरा वाजता माती पडणार आहे तेही सांगितलं. नेहाचा चेहरा उतरला. "पण मला कोणी बोललंच नाही. मला वाटलं पूजेचं आहे कोणाचं तरी. मी जाते, मी परत ठेवून येते." ती निघालीच होती.

"बस खाली," अनसूया म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता बांधावर कोनी पाय टाकायचा न्हाय. करवंटी असताना चालनं येगलं."

"तुला तर माहितीयत ना जागा?" उर्मिलाताईंनी विचारलं.

"अंदाज हाय. अंदाजानं पाय ठेवला तं अंडं फुटतं."

जितेश म्हणाला, "नेहा, फोटो तो लिया होगा तूने?" नेहाने फोन काढला. तिने भरलेल्या पिशवीचा फोटो काढला होता.

अनसूया तोवर वर बघत होती. ऊन तापायला लागलं होतं. बांधावरून माणसं गेल्यामुळे टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या, शेकाटे वाफ्यांच्या पाण्यात उभे होते. एकही पक्षी जागेवर बसलेला नव्हता.

"ऊन चरू द्या," ती म्हणाली. "उन्हात अंडी शिजतात. आई लांब ऱ्हात न्हाय. आपन हितनं हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय. ऊनच त्यांना आनील." मग तिने बाराजणांच्या गळ्याकडे बोट केलं. "आनि ह्या दुर्बिनी. आजवर गंमत झाली. आता त्यांना कामाला लावा. एकेकानं एकेक पक्षी धरायचा. तो बसंल तिथनं नजर हलवायची न्हाय, मेलं तरी."

मग तिने वाटणी करून दिली. जितेशला उघाडीजवळची टिटवी, म्हणजे जिथे भरतीचं पाणी आत घेण्याची फळी आहे तिथली. डॉक्टरांना तिच्या पुढची. नेहाला तिने आपल्या शेजारी बसवलं आणि काडक्याची एक मादी दाखवली. "ही तुझी."

अर्धा तास कुणी हललं नाही. नेहाची मादी वाफ्यातल्या पाण्यात पोट टेकून बसली, उठली, पुन्हा बसली. नेहा कुजबुजली, "काकी, ती अंघोळ करतेय. जातच नाहीये."

"अंघोल न्हाय. पोट भिजवते. वल्लं पोट घेऊन अंड्यांवर बसनार, थंडाई द्यायला. आता जाईल बग."

मादी पाण्यातून बाहेर आली. थोडं चालली, थांबली, उगाच मागे वळली, जणू तिला कुठे जायचंच नाही. मग बांध चढली, लांब पाय दुमडले आणि अलगद खाली बसली. नेहाने दुर्बीण हलवली नाही, पण तिचे डोळे भरून आले होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"भेंडीच्या काटकीपासून डावीकडे," ती म्हणाली. "एक फूट असेल."

तशी एकेक जागा यायला लागली. एकाने पक्षी नजरेत धरायचा, तोंडाने वाट सांगायची, आणि अनसूया एकटी बांधावरून जाणार. "आणखी दोन पावलं, काकी. थोडं उजवीकडे. बस." ती मान ताठ ठेवून चालायची, वाकायची, दोन हात सोडून करवंटी पालथी घालायची, वर खडा. पक्षी उठायचा, ती मागे फिरली की परत बसायचा. इतकी वर्षं ज्या बाईने लोकांना आपल्या पायात पाय टाकायला लावलं, ती त्या दिवशी लोकांच्या डोळ्यांवर चालली. साडेदहापर्यंत दहा करवंट्या जागेवर गेल्या.

झोपडीशी एक उरली.

"मी दहाच ठेवलेल्या," अनसूया म्हणाली. तिने करवंटी फिरवून बघितली. "हिला चुना पन न्हाय."

"बहके आयी होगी, काकी," जितेश म्हणाला. "समुंदर से."

अनसूयाने नेहाला विचारलं, "उचललीस तवा उताणी होती का पालथी?"

नेहाने डोळे मिटले. "पालथी. आणि वर... वर एक छोटा दगड होता. मी तो टाकून दिला."

"समुद्र दगड ठेवत न्हाय," अनसूया म्हणाली.

ती खाली बसली. करवंटी मांडीवर. कुठून उचलली ते नेहाला आठवेना. उघाडीच्या अलीकडे की पलीकडे, तेही नाही. अनसूया पुटपुटत होती, बोटांवर मोजत होती, पुन्हा मोजत होती. "इसरले असंन. चुना लावायचा इसरला, ठेवलेली इसरली." उर्मिलाताई म्हणाल्या, तू नाही विसरत. तिने ऐकलं नाही. बारा दुर्बिणी बांधावर फिरत होत्या, आणि दहा करवंट्यांशी दहा पक्षी बसले होते. अकरावा दिसत नव्हता.

अकराला सदू आला. मागे आठ माणसं, डोक्यावर ओल्या मातीची घमेली.

अनसूया उठून त्याच्यासमोर गेली. लपवणं तिच्या स्वभावात नाही. "सदू, करवंट्या उचलल्या गेल्या. माझ्या मान्सांकडनं. दहा परत ठेवल्या. एक सापरत न्हाय. मना अर्धा तास दे."

"अवस परवा हाय, बाय."

"मना म्हाईत हाय."

"मंग करार काय झालाता? न्हाय दिसली तं बोलायचं न्हाय."

"बोलत न्हाय. मागते."

मागची माणसं घमेली घेऊन तशीच उभी होती. एकाच्या कानावरून मातीचं पाणी ओघळत होतं. सदूने तिच्या हातातली करवंटी बघितली. घेतली. उलटी केली, सुलटी केली. तंबाखूची पिंक बाजूला टाकली.

"ही कुठनं आनलीस?"

"बांधावरची."

"ही माझी हाय."

अनसूया एक पाऊल पुढे आली.

"काल मोज घ्यायला आलतो," सदू बांधाकडे बघत म्हणाला. "उघाडीच्या पल्याड. पायाखाली येता येता ऱ्हायली. चार हायत."

"मना बोलला न्हायस?"

"तू हसली असतीस."

"आनि चुना?"

"चुना तंबाखूला पुरत न्हाय, करवंटीला कुठनं आनू?"

मागच्या आठांपैकी कुणीतरी फुस्सकन हसलं. सदूने वळून बघितलं तसं थांबलं. मग तो करवंटी घेऊन एकटा निघाला. उघाडी ओलांडून पंचवीसेक पावलांवर थांबला, वाकला. बराच वेळ वाकून होता. खडा शोधत असावा. इकडे सगळ्या दुर्बिणी त्याच्यावर. तो परत फिरला आणि पाच मिनिटांत तिथे एक टिटवी उतरली, इकडे तिकडे बघितलं आणि बसली.

"जल्ला," अनसूया हळूच म्हणाली. "वर्सभर माझं डोकं खाल्लं."

त्या दिवशी सदूच्या माणसांनी अकरा जागा सोडून माती टाकली. अवसेच्या दुपारी उधाण आलं तेव्हा अनसूया आणि सदू दोघं बांधावर उभी होती. पाणी बांधाच्या माथ्यापासून चार बोटं खाली थांबलं. सातव्या भोकाशी थोडं झिरपायला लागलं तेव्हा सदूने बाहेरच्या उतारावर मातीच्या दोन गोणी रचल्या आणि पाणी उतरेपर्यंत वर पाय देऊन उभा राहिला. तोंडाने शिव्या चालू होत्या, पण हळू, कारण हातभर अंतरावर टिटवी बसली होती. पुढे अकरांपैकी नऊ ठिकाणी पिल्लं झाली. दोन ठिकाणची अंडी मुंगसाने नेली. त्याला करवंटी कळत नाही.

नेहा आता दर खेपेला येते. एका महिन्यात तिने घरून सहा करवंट्या आणल्या, स्वच्छ घासून, चुना इतका फासलेला की अनसूया म्हणाली, "लगनाला काढल्यात का?" पण घेतल्या. त्यातल्या दोन सदूने मागून नेल्या.

आणि फाटकातून आत शिरल्यावर अनसूया बाराजणांना जे सांगते, त्यात एक भर पडलीय. पायात पाय टाका, बांध सोडू नका, पक्षी उडाला तर उडू द्या, हे सगळं झालं की ती जरा थांबते. रांगेच्या शेवटाकडे बघते.

"आनि खालचं काय उचलायचं न्हाय. कचरा असंल तरी न्हाय. आधी इचारायचं, कोनाचा हाय."